चौघांचा ड्राफ्ट दरवेळी का फसतो? बिघाड शोधणे आणि दुरुस्ती

आमचा चौघांचा गट आहे. आठ जण जमवायचे बेत दरवेळी ठरतात आणि दरवेळी टेबलाभोवती चारच खुर्च्या भरतात. मग मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या नेहमीच्या ड्राफ्टसारखेच प्रत्येकी तीन पॅक घ्यायचे, एक कार्ड ठेवून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायची, आणि डेक, म्हणजे स्वतःचा खेळायचा गठ्ठा, लावायला बसलं की कुरकुर सुरू. एक म्हणणार, माझ्याकडे खेळण्यासारखी एकोणीसच कार्डं आहेत. दुसरा म्हणणार, काळ्या रंगातलं सगळं तूच उचललंस. तिसरा काही न बोलता तीन रंगांचा डेक पिसत बसलेला, आणि पहिल्याच डावात त्याच्या हातातली निम्मी कार्डं शेवटपर्यंत हातातच राहणार हे सगळ्यांना आधीच माहीत.

बरेच दिवस आम्ही एकमेकांच्या निवडीला नावं ठेवली. मग एकदा कागद घेऊन हिशोब मांडला तेव्हा कळलं की निवडणाऱ्यांचं फारसं काही चुकत नव्हतं. आठ जणांसाठी बेतलेली मापं आम्ही चौघांत जशीच्या तशी वापरत होतो. तुमच्याकडेही हेच होत असेल तर खालचा क्रम धरा.

आधी खात्री करा

ड्राफ्ट संपला की डेक लावण्याआधी प्रत्येकाने आपल्या दोन रंगांतली, मनापासून खेळावीशी वाटणारी कार्डं वेगळी काढून मोजायची. मर्यादित प्रकारात, म्हणजे जागेवर पॅक उघडून त्यातूनच डेक लावण्याच्या प्रकारात, डेक किमान ४० कार्डांचा असतो. साधारण १७ लँड (बाकीची कार्डं खेळायला लागणारी त्या-त्या रंगाची शक्ती देणारी कार्डं) धरल्या तर उरतात २३. चौघांपैकी एकाचीच मोजणी २२ च्या खाली आली तर तो बहुधा मधेच रंग बदलत बसला होता, त्याला प्रकार जबाबदार नाही. दोघांची किंवा तिघांची खाली आली तर पुढे वाचा.

दुसरी तपासणी आणखी सोपी आहे. प्रत्येक पॅकमधली शेवटची चार कार्डं कोणती होती ते आठवा. ती साधी, कमजोर कार्डं असतील तर ठीक. पण त्यात चांगली दुरंगी कार्डं (खेळायला दोन्ही रंग लागणारी) सतत दिसत असतील, आणि ती कोणालाच नको असतील, तर बिघाड क्यूबच्या रचनेतही आहे. क्यूब म्हणजे ड्राफ्टसाठी स्वतः निवडून जमवलेला कार्डांचा कायमचा संच. त्याचं खाली येतंच आहे.

हिशोब

आठ जण बसले की पहिल्यांदा १५ कार्डांचा पॅक हातात येतो, मग १४ चा, मग १३ चा, आणि आठव्या वेळी ८ चा. नवव्या वेळी तुमचाच पहिला पॅक सात कार्डं घेऊन परत येतो. एका फेरीत, म्हणजे प्रत्येकाचा एक पॅक संपेपर्यंत, नजरेखालून जाणारी वेगवेगळी कार्डं होतात १५ पासून ८ पर्यंतची बेरीज, म्हणजे ९२. तीन फेऱ्यांत २७६.

चौघांत हीच बेरीज १५, १४, १३, १२ वरच थांबते: ५४. तीन फेऱ्यांत १६२. तुमचा पॅक पाचव्या, नवव्या आणि तेराव्या वेळी पुन्हा पुन्हा तुमच्याकडे येतो आणि तीच कार्डं तुम्ही परत परत बघता.

उचलायची कार्डं मात्र दोन्हीकडे ४५च. म्हणजे आठ जणांत साधारण सहा कार्डांतून एक निवडायचं असतं, चौघांत साडेतीनातून एक. एकोणीस कार्डांचं रडगाणं इथून येतं. निवड करायला पुरेसा मालच समोर येत नाही.

मुख्य दुरुस्ती: पाच पॅक, नऊ निवडी

प्रत्येकी तीनऐवजी पाच पॅक घ्या, १५ कार्डांचेच. प्रत्येक फेरीत नऊच कार्डं उचलायची आणि उरलेली सहा पालथी घालून बाजूला टाकायची. पाच गुणिले नऊ, पंचेचाळीस. निवडी तितक्याच राहिल्या. नजरेखालून जाणारी कार्डं झाली ५४ गुणिले पाच, म्हणजे २७०. आठ जणांच्या २७६ च्या अगदी शेजारी.

मला यातली दुसरी गंमत जास्त आवडते. चौघांत नववी निवड पुन्हा स्वतःच्याच पॅकमधून होते, आणि त्या वेळी त्यात सात कार्डं असतात. आठ जणांतही नवव्या वेळी नेमकं हेच घडतं. म्हणजे 'हे कार्ड फिरून परत येईल का' हा जो ड्राफ्टमधला जुगार आहे, तो जसाच्या तसा शिल्लक राहतो. वर पाचव्या निवडीला एक जादा डोकावणं मिळतं.

ते डोकावणं कसं वापरायचं याचा एक प्रसंग सांगतो. माझ्या पहिल्या पॅकमध्ये चार हिरवी कार्डं होती, चारही बरी. मी लाल रंगातलं एक थेट नुकसान करणारं कार्ड घेतलं आणि मनात म्हटलं, हिरव्यातलं एखादं तरी परत येईलच. पाचव्या वेळी पॅक परत आला. अकरा कार्डं. हिरवं एकच, तेही चौघांतलं सगळ्यात फिकं. तिघांनी तीन कार्डं उचलली होती आणि तिन्ही हिरवी! आठ जणांच्या टेबलावर हे कळायला नववी निवड उजाडते आणि तेव्हाही सात जणांपैकी कोणी काय नेलं याचा अंदाजच बांधावा लागतो. इथे पाचव्याच निवडीला मला कळलं की या टेबलावर हिरव्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी मी लाल-पांढरा खेळलो, आणि बाकीचे तिघे हिरव्यासाठी भांडत राहिले.

पॅक फिरवायची दिशा प्रत्येक फेरीला बदलायची: डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, असं पाचही वेळा. याला एकूण ३०० कार्डं लागतात, म्हणजे ३६० चा क्यूब पुरतो.

एक आक्षेप नक्की येईल: चांगली कार्डं फेकायची कशी? पहिल्या दोन वेळा आमच्याकडेही हळहळ झाली. टाकलेल्या ढिगात नंतर कोणीतरी डोकावायचं आणि 'अरे, हे गेलं?' असं म्हणायचं. ती हळहळ म्हणजेच ड्राफ्ट सुधारल्याची खूण आहे. शेवटच्या सहांत काहीच घेण्यासारखं नसतं तेव्हा समजावं की माल अजून कमी पडतोय.

पाच जण असतील तर प्रत्येकी चार पॅक, प्रत्येकातून ११ निवडी, चार टाकायची. निवडी ४४, पाहिलेली कार्डं २६०. सहा जणांत नेहमीचे तीन पॅकच ठेवा. २२५ कार्डं दिसतात, तेवढी पुरतात, उगाच छेडछाड नको.

तरीही दुरंगी कार्डं पडून राहत असतील

मग क्यूब तपासा. पाच रंगांच्या जोड्या दहा. आठ जणांत त्यातल्या सात-आठ जोड्या कोणी ना कोणी खेळतं. चौघांत जास्तीत जास्त चार. उरलेल्या सहा जोड्यांची दुरंगी कार्डं त्या दिवशी टेबलावरचं ओझं असतात. क्यूबमध्ये प्रत्येक जोडीची सहा दुरंगी कार्डं असतील तर तब्बल साठ होतात. चौघांसाठी मी ती प्रत्येक जोडीमागे दोन किंवा तीनवर आणली आणि त्यांच्या जागी एकरंगी, कुठल्याही डेकात बसणारी कार्डं घातली. शेवटच्या चारांतली गर्दी लगेच ओसरली.

क्यूबचा आकार हे दुसरं दुखणं, आणि इथे बहुतेकांचा जीव अडकतो, कारण क्यूब वाढवणं ही ज्याची त्याची हौस असते. माझा ५४० चा होता. जुन्या पद्धतीने चौघांत १८० कार्डं वापरली जायची, म्हणजे एक तृतीयांश. आता समजा तुम्ही एकमेकांवाचून अर्धवट वाटणारी दोन कार्डं क्यूबमध्ये घातली आहेत, एक कार्ड बळी देणारं आणि दुसरं त्या बळीवर फायदा मिळवणारं. दोन्ही त्या दिवशी टेबलावर येण्याची शक्यता नवांत एक. ३६० चा क्यूब असेल तर चारांत एक. ३६० मधून पाच पॅकच्या पद्धतीने ३०० वापरली तर शंभरात जवळपास सत्तर. मी ५४० चा क्यूब फोडून ३६० केला, उरलेली १८० एका डब्यात ठेवली, आणि दर काही ड्राफ्टनंतर तीस-चाळीस कार्डांची अदलाबदल करतो. सरळ १८० चा क्यूब करून जुन्या पद्धतीने खेळणंही शक्य आहे, पण मग प्रत्येक वेळी सगळीच कार्डं येतात आणि तिसऱ्या ड्राफ्टला कोणता डेक कोणाचा हे आधीच ठरलेलं असतं. मला ते नको वाटतं.

रंग जुळवणाऱ्या दुरंगी लँडची तक्रार असेल तर सोपा तोडगा: ड्राफ्ट संपल्यावर प्रत्येकाला आपल्या जोडीची एक दुरंगी लँड फुकट द्यायची. क्यूबशी छेडछाड नाही, हिशोब नाही.

"तू माझं कार्ड पळवलंस"

आता कुरकुरीतला दुसरा सूर. स्वतःला नको असलेलं कार्ड दुसऱ्याला मिळू नये म्हणून उचलणं. आठ जणांच्या ड्राफ्टनंतर सामन्यांच्या तीन फेऱ्या झाल्या तर सात प्रतिस्पर्ध्यांपैकी तिघांशीच गाठ पडते. तुम्ही सोडलेलं जबरदस्त कार्ड तुमच्यासमोर येईलच असं नाही, म्हणून ते सोडून स्वतःच्या डेकाचं बघणं शहाणपणाचं. चौघांत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. सोडलेलं कार्ड तुमच्या डोक्यावर येऊन आदळण्याची शक्यता फारच वाढते. त्यामुळे पळवणारा चुकत नाही, तो बरोबर हिशोब करतोय.

पण पाच पॅकच्या पद्धतीत हा हिशोब थोडा बदलतो, कारण प्रत्येक पॅकमधून नऊच निवडी असतात आणि त्यातली एक सूडापायी घालवणं जड जातं. जुन्या पद्धतीत तेरावी, चौदावी निवड तशीही वायाच जायची, म्हणून लोक ती खुशाल अडवाअडवीला वापरत. तरीही त्रास होत असेल तर क्यूबमधली एकटीच डाव फिरवणारी चार-पाच कार्डं काढून टाका. अडवण्यासारखं काही राहिलं नाही की अडवाअडवी आपोआप थांबते.

दोन विरुद्ध दोन असा संघ-ड्राफ्ट हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो. माझ्या मते तो उलटा पडतो. भिडू समोरासमोर बसतात, म्हणजे दोन्ही शेजारी शत्रू, आणि अडवाअडवी तर तिथे हक्काची होते. ज्यांना तीच मजा वाटते त्यांनी जरूर खेळावा.

क्यूब नाही, सीलबंद पॅकच आहेत

मग पाच-पाच पॅक फोडून सहा-सहा कार्डं टाकणं खिशाला परवडणारं नाही. इथे एका वेळी दोन कार्डं उचला. चौघांसाठी हा प्रकार आता अधिकृतही आहे. २०२५ मध्ये स्पायडर-मॅनच्या संचासोबत तो आणला गेला. त्याआधी २०२० च्या कमांडर लेजेंड्स या संचात २० कार्डांच्या पॅकमधून दोन-दोन उचलून ६० कार्डांचा डेक लावायचा होता, पण तो मामला वेगळा, तिथे चौघांचा एकत्र खेळ असतो.

२०२४ पासूनच्या प्ले बूस्टरमध्ये, म्हणजे सध्याच्या सीलबंद पॅकमध्ये, १४ कार्डं असतात. आठ जणांनी एकेक उचलली तर पॅक सहा कार्डं घेऊन परत येतो. चौघांनी दोन-दोन उचलली तरीही सहाच. फिरून येण्याचा तो जुगार पुन्हा जसाच्या तसा. मात्र हे लक्षात ठेवा की या उपायाने दिसणारी कार्डं वाढत नाहीत, उलट घटतात: एकेक उचलताना फेरीत ५० दिसली असती, दोन-दोन उचलताना ४४. शिवाय पॅकमधली एक जागा लँडची असते, म्हणजे ४२ निवडींतल्या तीन तिथेच जातात. त्यामुळे दोन-दोनच्या ड्राफ्टमध्ये रंग लवकर ठरवावा लागतो. पहिल्या पॅकअखेर एक रंग पक्का नसेल तर तेविसाचा आकडा गाठताना दमछाक होते. एक पॅक वाढवणं शक्य असेल तर प्रत्येकी चार घ्या, एकेकच उचला, ११ निवडी करून तीन टाका.

दोघंच उरलात तर

नेहमीचा ड्राफ्ट अजिबात करू नका. दोघांत प्रत्येक फेरीत ३० पैकी २९ कार्डं तुम्ही पाहता. समोरच्याची पहिली निवड तेवढी दिसत नाही. त्याचा जवळपास अख्खा डेक तुम्हाला पाठ, तुमचा त्याला. आणि तुम्ही उचललेलं प्रत्येक कार्ड त्याच्याकडून हिसकावलेलंही असतं, त्यामुळे दोघेही अडवण्यातच वेळ घालवतात.

त्याऐवजी जाळीचा ड्राफ्ट. नऊ कार्डं उघडी, तीन ओळी आणि तीन रांगा अशी मांडायची. पहिल्याने एक आडवी ओळ किंवा उभी रांग उचलायची, तीन कार्डं. दुसऱ्याने उरलेल्यातली एक ओळ किंवा रांग. ती पहिल्याच्या रेघेला छेदत असेल तर दोनच कार्डं मिळतात, समांतर असेल तर तीन. बाकीची टाकून द्यायची आणि पुढच्या जाळीत आधी उचलण्याची पाळी बदलायची. अशा १८ जाळ्या, १६२ कार्डं. नऊ वेळा पहिला म्हणून २७ आणि नऊ वेळा दुसरा म्हणून किमान १८, म्हणजे प्रत्येकाला कमीत कमी ४५ मिळतातच. इथे अडवाअडवीही चालते, पण ती उघड्यावर होते आणि तिची किंमत मोजावी लागते, म्हणून कोणी रुसत नाही. नको असलेली दोन कार्डं घेऊन हवं ते एक मिळवायचं, की मधली रांग उचलून समोरच्याच्या ओळी तोडायच्या, यात खरा खेळ आहे.

विन्स्टन ड्राफ्टही आहे. तो मॅजिकचा कर्ता रिचर्ड गारफील्ड याचाच. सहा पॅकची सगळी कार्डं एकत्र पिसायची, तीन पालथे ढीग एकेका कार्डाचे. पहिला ढीग बघायचा. घ्यायचा असेल तर घ्या, नसेल तर त्यावर एक कार्ड वाढवून पुढच्या ढिगाकडे. तिन्ही नाकारले तर गठ्ठ्यावरचं वरचं कार्ड न बघता घ्यायचं. निवांत आणि लबाड खेळ आहे. पण दुरंगी कार्डं भरपूर असलेल्या क्यूबवर तो चिकट होतो, कारण नाकारलेले ढीग फुगत जातात आणि कोणीतरी कंटाळून ते उचलतं. मी हल्ली जाळीच मांडतो.

तिघं

यातला खरा त्रास ड्राफ्टचा नाहीच, खेळायला एक जण नेहमी बाहेर बसतो हा आहे. ड्राफ्टपुरतं सांगायचं तर प्रत्येकी सहा पॅक, प्रत्येकातून आठ निवडी, सात टाकायची. दिसतात २५२, निवडी ४८. बाहेर बसलेल्याने तेवढ्या वेळात डेकाची फेररचना करावी. त्याला लिंबूटिंबू करून ठेवू नका. सामने एकाच डावाचे ठेवले तर कोणी फार वेळ ताटकळत नाही.

दुसऱ्या खेळात हेच करायचं असेल तर

आकडे बदलतात, निदान तेच. पोकेमॉनमध्ये मात्र एक जादा अडचण आहे: उत्क्रांत होणाऱ्या पोकेमॉनचं वरचं कार्ड खालच्याशिवाय निरुपयोगी. दोन-तीन टप्प्यांची साखळी वेगवेगळ्या पॅकमधून जमेल या आशेवर कोणालाही सोडू नका. क्यूब करताना अख्खी साखळी एकाच स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घालून एक निवड म्हणून फिरवा. डेक ४० चा आणि प्राइझ कार्डं (जिंकण्यासाठी मिळवायची बाजूला ठेवलेली कार्डं) चार ठेवा. प्रीरिलीजमध्येही, म्हणजे नवा संच बाजारात येण्याआधीच्या स्पर्धांमध्येही, तसंच असतं. ६० आणि सहा हे माप ड्राफ्टला झेपत नाही.

दुरुस्तीतून उद्भवणारा नवा बिघाड

पाच पॅकची पद्धत सुरू केली की पहिल्या दोन-तीन वेळा हमखास एक घोळ होतो: टाकायची सहा कार्डं आणि उचललेली नऊ एकमेकांत मिसळतात. कारण सवयीने हात शेवटचं कार्डही स्वतःच्या ढिगावर ठेवतो. उपाय म्हणून टाकलेली कार्डं टेबलाच्या मधोमध, आडवी ठेवायची, कधीही स्वतःच्या पुढ्यात नाही. आणि प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांनी मोजायचं: ९, १८, २७, ३६, ४५. एखाद्याकडे १९ निघाली तर बहुतेक वेळा त्याने पॅक पुढे देताना दोन कार्डं एकत्र उचललेली असतात, नव्या स्लीव्हज एकमेकांना चिकटतात. नुकत्याच संपलेल्या फेरीतलं त्याचं कोणतंही एक कार्ड शेजाऱ्याने न बघता ओढून टाकलेल्यांत घालायचं आणि पुढचा पॅक उघडायचा.